मासळीच्या गावाहून आलेले गुरुजी

...तर ती पिशवी दाराशीच राहिली बघा. वैजनाथ गुरुजींनी उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही, तोच भावजय गुणाबाई म्हणाली, "भाऊजी, ते तिथंच ओसरीवर ठिवा." पिशवीत काय होतं? चार नारळ, आमसुलं अन् लाल पोहे. गुणाबाईनं नाकाला पदर लावला. "काहीबी म्हणा, वास येऊन राहिला!" आमसुलाला मासळीचा वास! ऐकलंय का कधी?

घर माळकरी, गाव मराठवाड्यातलं, मुखेडच्या पुढचं. आणि गुरुजी सोळा वर्षं कोकणात, समुद्राकाठच्या एका मासेमारीच्या गावी झेडपीच्या शाळेवर. दरवर्षी बदलीचा अर्ज. शेवटी बदली झाली ती सगळी ज्येष्ठता सोडून. तिथं मुख्याध्यापक झाले असते, इथं कालच्या पोरांच्याही खाली नाव लागलं. पण थोरला भाऊ शेषेराव फोनवर म्हणायचा, "वैजू, आपलं घर ते आपलं घर. ये बाबा." गुरुजींना तेवढंच पाहिजे होतं, आपल्या माणसांच्या पंगतीत जागा.

आता ते कोकणातलं गाव म्हणाल तर लई देखणं! गुरुजी सांगायला लागले की पारावरची माणसं तळहातावरची तंबाखू मळायची विसरायची. खाडीच्या तोंडाशी रंगवलेल्या होड्या, एकेकीच्या नाकावर झेंडूची माळ. होड्या लागल्या की धक्क्यावर लिलाव, अन् बायकांच्या आवाजापुढं कावळेबी गप. पोरं शाळेला यायची ती खिशात शिंपले घेऊन, बेरीज-वजाबाकी त्याच्यावरच.

आणि माणसं! घरमालकीण दिवसभर मासळी कापणारी बाई. पण गुरुजींच्या दुधाला हात लावायचा तर आधी चिंचेनं हात घासायची, मग राखेनं. त्यांचं पातेलं वेगळ्या फळीवर. घरातल्यांना दम भरलेला, "मास्तरांच्या टोपाक हात लावलात तर बघा!" गुरुजींनी मासळी जिभेला लावली नाही, अन् ती लागू नये म्हणून अख्खी आळी जपायची. नारळी पुनवेला समुद्राला पहिला नारळ मास्तरांच्या हातचा. आणि मास्तर? ते आपले गावाकडच्या सुट्टीची वाट बघत कॅलेंडरापुढं उभे.

आले एकदाचे गावाकडं. गोठ्यातल्या देवणी बैलानं गुरुजींना हुंगलं अन् हात चाटला. माणसांनी नुसतं हुंगलं.

गुणाबाईनं गुरुजींच्या बायकोला, शिवकन्येला, पडवीत चूल मांडून दिली. "थोडे दिवस गं, लोकं बोलतेत." थोड्या दिवसांची दिवाळी आली तरी चूल पडवीतच. पारावर लिंबाजी रोज विचारायचा, "काय गुरुजी, पापलेट काय भाव?" गुरुजी हसायचे. हसायचं नाही तर काय करायचं? भावाच्या गावात भांडायला थोडेच आले होते!

मग आला गावचा सप्ताह. काल्याच्या दिवशी मारुतीपुढं पंगत बसली. गुरुजींना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी आपण होऊन वरणाची बादली उचलली. वडील होते तेव्हा वाढायला पुढं हेच दोघं भाऊ असायचे. दोन पानं वाढली. तिसरं पान लिंबाजीचं. त्यानं पत्रावळीवर आडवा हात धरला.

"थांबा गुरुजी. गळ्यात माळ हाय माझ्या."

पंगतीत खसखस पिकली. कुणीतरी मागून म्हणालं, "अरे, वरणात कोळंबी निघायची एखादी!"

गुरुजींनी भावाकडं बघितलं. एका शब्दाचं काम होतं. शेषेराव पंगतीच्या मधनं चालत आला, आणि त्यानं गुरुजींच्या हातातली बादली काढून घेतली. हळूच नाही, सगळ्यांदेखत. म्हणाला, "वैजू, मलाबी लोकांत राहायचंय. समद्यांसमोर तुळशीवर हात ठिव अन् एकदाचं सांगून टाक. खाल्लीस का न्हाई?"

तुळस तिथंच, देवळाच्या कट्ट्यावर. सगळी पंगत माना वळवून बघत बसलेली. गुरुजी तुळशीकडं गेले नाहीत. मनगटावर वरणाचा ओघळ आला होता, तो त्यांनी पँटीला पुसला, आणि भावाच्या डोळ्यांत बघून म्हणाले,

"न्हाई खाल्ली, दादा. पण आता वाटून राहिलं, खायाला पाहिजे होती."