बेडकाच्या पेटीले बुरशी लागली

आज सकाळी पाहते तं बेडकाच्या काचपेटीत मातीवर पांढरी बुरशी! बेडूक माझ्या पोट्टीचा. ती नोकरीले बंगलोरले गेली, तो रायपुरात माझ्यापाशी राहिला.

लगेच तिले फोन लावला. "अवं, मातीले बुरशी लागली."

"बुरशी मतलब, मम्मी?"

"फफूंद."

"अच्छा! ऊपर की मिट्टी निकाल दो. पानी ज़्यादा डाल रही हो क्या?"

"नाही वं." खोटं बोलली मी.

चमच्यानं वरची माती काढली. झाकण काढून जाळी लावली.

खरं तुमाले सांगते. पाणी फवारलं का तो टर्र करते. घरात मले उत्तर देणारा तेवढाच, म्हणून दिवसभर फवारत राहते.

आता फक्त सकाळीच फवारीन. संध्याकाळी तुम्ही कोणाशी बोलता जी?