तीन पौंड अकरा

माझं उभं आयुष्य काट्यापुढे गेलं. सुरतेजवळ पलसाण्याच्या एका डाइंग हाऊसमध्ये मी रंग तोलतो. साडीच्या प्रत्येक लॉटला कुठला रंग किती लागणार याची चिठ्ठी येते, आणि त्या हिशेबाने मी पावडर तोलून पुढे देतो. दोन-चार ग्रॅम इकडचे तिकडे झाले की गुलाबीचा राणी रंग होतो आणि व्यापारी माल परत पाठवतो. त्यामुळे वजनाच्या बाबतीत मी जरा ताठ आहे. बायको म्हणते जरा नव्हे, चांगलाच. भाजीवाल्याने तराजूला बोट लावलं तर मी भर बाजारात भांडायला कमी करत नाही, आणि कोणी ‘अंदाजे’ म्हणालं की माझ्या कपाळावर आठी पडते.

आणि माझ्या घरात, सुरतेतल्या गोडादऱ्याच्या दोन खोल्यांमध्ये, माझी माय राहते. तिचं सगळंच अंदाजे. तिला काटा लागत नाही, वाटी लागत नाही. पिठात मीठ घालताना ती बघतसुद्धा नाही. यावरून मी तिला आयुष्यभर चिडवत आलो.

ही माय तरुणपणी खानदेशातल्या एका सूतगिरणीत कामाला होती. रिलिंग खात्यात सगळ्या बायाच. सुताच्या लडी करायच्या आणि त्यांचं दहा पौंडांचं बंडल बांधायचं, हे तिचं काम. देशात किलो येऊन किती वर्षं झाली होती, तरी बंडल मात्र पौंडाचंच राहिलं. कागदावर किलो लिहायचे आणि तोंडाने पौंड बोलायचे. मुकादमाला किलो सांगायचे म्हणून बायांनी एक तोडगा काढला होता. तो मायने मला मी शाळेत असताना शिकवला होता. “निम्मं कर, मंग त्यामाईन दहावा हिस्सा सोडी दे.” दहा पौंडांचे निम्मे पाच, पाचातला दहावा हिस्सा गेला, राहिले साडेचार. झाले किलो. पुढे गिरणी बंद पडली, आम्ही सुरतेला आलो, माय घरी बसून साड्यांचे धागे कापू लागली, आणि पौंड आमच्या घरातून गेला तो गेलाच.

तो परत आला माझ्या लेकीमुळे. लेक लग्न होऊन अमेरिकेला गेली. तिथे तिला दिवस राहिले आणि बाळ दोन महिने आधीच झालं. मुलगी. काचेच्या पेटीत ठेवली होती, नाकात नळी होती. लेकीने फोटो पाठवला तो मी एकदाच पाहिला, दुसऱ्यांदा पाहायची हिंमत झाली नाही. आमचा व्हिसा अडकलेला, तिची सासू आजारी, म्हणजे तिथे ती दोघंच. डॉक्टर म्हणाले होते, दूध स्वतःच्या तोंडाने प्यायला लागली आणि साडेचार पौंड झाली की घरी न्या. जन्मली तेव्हा तीन पौंडांच्या जरा वर होती. मधलं अंतर ते केवढं, पण आमच्या घरात त्याच्याशिवाय दुसरा विषय नव्हता.

सकाळी मी चहा घेत असताना लेकीचा मेसेज यायचा. ती बिचारी दिवसभर पेटीजवळ बसून थकलेली, लांबलचक काय लिहिणार? फक्त आकडा पाठवायची. ३.२. ३.५. मी तो ‘तीन दोन’, ‘तीन पाच’ असा मोठ्याने वाचायचो, माय ऐकायची आणि उठून आत जायची.

आत तिचा एक उद्योग चालायचा. जुन्या सुती लुगड्याचा तुकडा तिने धुऊन मऊ केला होता. त्यात ती बाळाच्या वजनाइतकी दादर ज्वारी बांधून ठेवायची. आकडा वाढला की गाठोडं सोडायचं, दाणे घालायचे, परत बांधायचं. मग ते कुशीत घेऊन खाटेवर बसायचं. मी म्हणालो, “माय, व्हिडिओवर दिसते ना पोर, हे कशाला?” तर म्हणाली, “डोयासले काय समजस? हातले समजस.”

एके दिवशी ती आंघोळीला गेलेली पाहून मी ते गाठोडं गुपचूप काट्यावर ठेवलं. बायको पापड करून देते, तिचा चपटा डिजिटल काटा घरात आहे. त्या दिवशीचा आकडा होता ३.९. काट्यावर आलं एक किलो सहाशे. बरोबर की चूक, हे मी पडताळायच्या भानगडीत पडलो नाही. म्हातारीचा खेळ, म्हणून सोडून दिलं.

त्यानंतर दोन दिवस मेसेज आला नाही. लेकीचा फोन लागेना. दोन्ही दिवस माय जेवणावरून अर्ध्यातून उठली. तिसऱ्या दिवशी ती देवळात गेलेली असताना मोबाइल वाजला. ३.११.

तीन पूर्णांक नव्वदवरून तीन पूर्णांक अकरा! मी रंगाच्या चिठ्ठीमागे हिशेब केला. निम्मे, वजा दहावा हिस्सा. एक किलो चारशे. दोन वेळा केला, तेच आलं. गाठोडं तर सोळाशे भरलं होतं, म्हणजे दोन दिवसांत दोनशे ग्रॅम गेले. दीड किलोच्या जिवातले दोनशे ग्रॅम! म्हणूनच पोरीने फोन बंद ठेवला होता, असं मी मनाशी धरलं. मला रडू आलं आणि रागही आला, कोणाचा ते सांगता यायचं नाही.

मग मी जे केलं ते आठवून आजही मला लाज वाटते. मायला हे तोंडाने सांगायची ताकद नव्हती. मी गाठोडं काट्यावर ठेवलं, सोडलं, आणि दोनशे ग्रॅम दाणे काढून डब्यात टाकले. बरोबर चौदाशे केलं. माझ्यासारख्या माणसाला दुःखातसुद्धा काटा बरोबर लागतो. गाठ मायने मारली होती तशीच मारली आणि खाटेवर ठेवून दिलं.

माय आली. प्रसाद माझ्या हातावर ठेवला, खाटेवर बसली, गाठोडं उचललं. आणि तशीच थांबली. एकदा या हातात घेतलं, एकदा त्या हातात.

“यामाईन दाना कोनी काढात?”

मी मोबाइल तिच्यापुढे धरला. “माय, पोर घटली. तीन नऊची तीन अकरा झाली.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पहिलीत पाढा चुकलो की पाहायची. “तीन पौंड, अकरा औंस?”

“औंस कसले? मधे टिंब आहे ना.”

“आरे येडा! पौंडमा सोया औंस ऱ्हातस. जुना रुपयामा सोया आना ऱ्हायेत, तसं. नऊना पुढे दहा, दहाना पुढे अकरा. पोर वाढनी शे ना!”

त्या टिंबाला मी दशांशचिन्ह समजत होतो. ज्याला जन्मभर दहा, शंभर, हजार याशिवाय दुसरं काही भेटलंच नाही, त्याला सोळा कसे दिसणार? तिने लहानपणी आणे पाहिले होते, गिरणीत औंस पाहिले होते. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मीच हाकत होतो. तेवढ्यात लेकीचा फोनही आला. तिचा मोबाइल बिघडला होता, एवढंच. आणि बाळाची नळी काढली होती, ती दूध ओढायला लागली होती. बायको स्वयंपाकघरात ओक्साबोक्शी रडली. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

आत आलो तेव्हा माय गाठोडं सोडून बसली होती. मी डबा पुढे केला, माझे चोरलेले दोनशे ग्रॅम परत टाकले. मग तिने वरून दोन मुठी घातल्या, सैल, लहानशा. “दोन औंस,” म्हणाली. मला राहवलं नाही. मी म्हणालो, “माय, एक मूठ काट्यावर टाक बरं.” तिने टाकली. अठ्ठावीस ग्रॅम. परत टाकायला सांगितलं. एकोणतीस. औंस अठ्ठावीस ग्रॅमचा असतो, हे मी तेव्हा मोबाइलवर शोधून काढलं. गिरणी सुटून चाळीस वर्षं झाली, हात कापायला लागले, तरी त्या मुठीतून औंस काही सांडला नाही. आमच्या खात्यात माझ्या हाताखाली काम केलेल्या एकाही माणसाबद्दल मला असं म्हणता येणार नाही, आणि स्वतःबद्दल तर नाहीच.

त्या दिवसापासून हिशेब तिचा आणि काटा बंद. तीन चौदा. चार एक. चार पाच. मी फक्त आकडा वाचायचो.

चार पौंड आठ औंसांना, म्हणजे बरोबर साडेचार पौंडांना, बाळ घरी गेलं. लेकीने व्हिडिओ कॉल केला. खिडकीत ऊन होतं, बाळ जांभई देत होतं, आणि ते नेमकं केवढं आहे हे मला पडद्यावर काही केल्या कळत नव्हतं. मी तसं बोलून गेलो.

मायने गाठोडं उचललं आणि माझ्यापुढे केलं. इतक्या दिवसांत मी ते काट्यावर ठेवलं होतं, सोडलं होतं, बांधलं होतं. कुशीत एकदाही घेतलं नव्हतं. मी नेहमीच्या सवयीने रंगाची पिशवी धरतो तसं ते दोन्ही हातांनी वरून पकडलं.

“डोकं धर ना भाऊ,” माय म्हणाली. “डोकं.”

मी गाठीखाली तळहात घातला.