दारावरून पुढे गेलेली पालखी

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. म्हणजे गावाला ते ठाऊक आहे, सगळ्या गावाला. पण माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. ठाऊक असणं वेगळं आणि सांगितलेलं असणं वेगळं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलतोय. ओळखीच्या माणसापुढे अजून जमत नाही.

माझी नोकरी महाडला एका वाचनालयात झाली. पुस्तकं देणं-घेणं, फाटल्या पानांना कागद डकवणं, पुराचं पाणी ओसरलं की भिजलेली पुस्तकं गच्चीवर उलगडून ठेवणं. घर मात्र पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत. मी कधी कुणाला शिकवलं नाही, तरी वाडीत मला गुरुजी म्हणतात. तो मान मला आवडायचा. हे आधीच सांगून टाकतो.

सुमन माझी बायको. आम्हाला मूल झालं नाही. निवृत्त होऊन मी वाडीत राहायला आलो आणि त्याच पावसाळ्यात तिला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. वाचा गेली. सगळी नाही गेली, एक शब्द उरला. तो इथे लिहीत नाही. बैल अडला, पोरगं उलट बोललं, एसटी चुकली की आमच्याकडे जी शिवी हासडतात, ती. सुमनच्या तोंडून मी ती उभ्या आयुष्यात ऐकली नव्हती. आता पाणी हवं असलं तरी तोच शब्द, पाऊस आला तरी तोच, मी बाहेरून आलो की हसून — तोच. महाडच्या डॉक्टरांनी समजावलं, असं होतं, बोलण्याची जागा वेगळी आणि शिव्यांची वेगळी. मला समजलं. समजून काय उपयोग होता? दाराशी कुणी आलं की मी आधी आतलं दार ओढून घ्यायचो.

शेजारच्या शेवंताकाकीला त्याचं काही नव्हतं. ती यायची, सुमनची वेणी घालायची, आणि सुमनने शब्द उच्चारला की मोठ्याने हसायची. "म्हण गो सुमे, म्हण! आमचा म्हातारा तर वाचा असून दुसरा शब्द बोलत नाय." सुमनही हसायची, वाकड्या तोंडाने, डोळ्यांतून पाणी येईतो. मी तिथून उठून जायचो.

मग शिमगा आला.

तुमच्याकडे कसं असतं ठाऊक नाही. आमच्याकडे वर्षभर आपण देवळात जातो, पण शिमग्यात ग्रामदेवी काळकाई स्वतः घरोघर येते. पालखी अंगणात येते, पडवीत पाटावर बसते. कुणाचं घर मोठं, कुणाचं पडकं, कोण कुणाशी बोलत नाही, आईला त्याचं काही नसतं. घरची बाई खण-नारळाने ओटी भरते आणि मनात असेल ते देवीला सांगते, मोठ्याने, सगळ्यांसमोर. सुमन दरवर्षी सांगायची. काय सांगायची ते मी कधी नीट ऐकलं नाही.

त्या सकाळी काकीने तिला हिरवं लुगडं नेसवलं, अंगण सारवून दिलं आणि घरी गेली. सुमन खाटेवर बसून राहिली, डाव्या हातात नारळ घट्ट धरून. ढोल वरच्या घरी वाजत होता. आणि मला दिसायला लागलं — पडवी भरलेली, मुंबईहून आलेली मुलं मोबाइल उंच धरून उभी, आणि माझी बायको देवीच्या तोंडावर तो शब्द बोलतेय. लाज कुणाची वाटली? मी स्वतःला सांगितलं, तिची अब्रू राखायला हवी. खोटं. मला माझी राखायची होती. गुरुजींच्या घरात असं बोलतात, हे कुणी ऐकायला नको होतं. देवीनेसुद्धा.

पालखीच्या पुढे रामजीदादा आला. तो मानकरी, घर तयार आहे का ते बघून जातो. "काय गुरुजी, झाली तयारी? आई वरच्या घरी बसलीय, आता तुमच्याकडंच."

मी आत ऐकू जाणार नाही असं हळू म्हणालो, "रामजीदादा, सुतक आहे. सुमनचे भाऊ गेले. सुरतेला. आत्ताच फोन आला."

कुठून आलं ते तोंडात? सुमनला एकच भाऊ, अण्णा. धडधाकट माणूस. मी त्याला उभ्या-उभ्या मारलं, कारण सुतकाच्या घरात पालखी येत नाही, आणि सुरतेचं कुणी पडताळायला जाणार नव्हतं. रामजीदादाने डोक्यावरची टोपी काढली. म्हणाला, "अरेरे. वहिनीला सांभाळा, गुरुजी." आणि मागे वळून त्याने हात वर केला.

पालखी आमच्या दारावरून पुढे गेली. ढोल बंद करून. माझ्या दुःखाचा मान राखायला त्यांनी ढोल थांबवला होता. नुसती पावलं वाजली, भोयांच्या पायांतले घुंगरू तेवढे थोडे. आत सुमन ताठ बसून ऐकत होती. इतका जवळ आलेला ढोल एकदम का थांबला, ते तिला कळेना. ती वाट बघत राहिली. मग तो खालच्या घराशी पुन्हा सुरू झाला, आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

इथपर्यंत सांगणं त्या मानाने सोपं होतं.

बातमी मला आवरता येणार नव्हती. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? आयुष्यभर पुस्तकांत राहिलेला माणूस मी. थोड्या वेळात शेवंताकाकी रडतच आत शिरली आणि तिने सुमनला कवटाळलं. "सुमे, अण्णा गेला गो तुझा! अण्णा गेला!"

मी तिथेच होतो, दाराच्या चौकटीला धरून. एक वाक्य बोलायचं होतं. काकी, ते खरं नाही. एवढंच. बोललो नाही. सुमनच्या हातातला नारळ सुटला. ती ओरडली, तोच शब्द, पुन्हा पुन्हा, छातीवर डावा हात मारत. जिवंत भावासाठी तिने असा आक्रोश केला आणि मी बघत राहिलो. आणखी बायका आल्या. कुणी तिला पाणी पाजलं, कुणी भाकरी आणली. त्यांच्यातली एकही त्या शब्दाला हसली नाही, एकीनेही पदर तोंडाला लावला नाही. ज्यांच्यापासून मी तिला लपवलं, त्याच तिच्याभोवती बसून होत्या.

त्या गेल्यावर मी सुमनला खरं सांगितलं. अण्णाला फोन लावून तिच्या कानाशी धरला. ती त्या शब्दाखेरीज काय बोलणार? आणि तिकडून अण्णाचा आवाज मला ऐकू आला, "हां गो सुमे, बोल, बोल, ऐकतोय मी. आज काय शिमगा का तुमचा?" बराच वेळ दोघांचं तसं चाललं. मग तिने फोन खाली ठेवला.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. मारलं तर मारू दे, असं मनात होतं. मारावं, असंच होतं. तिने मारलं नाही. डाव्या हाताने माझं डोकं ओढून मांडीवर घेतलं आणि केसांतून हात फिरवत राहिली, लहान मुलाला निजवतात तशी. तिला सगळं कळलं होतं. मी तिला कुणापासून लपवलं, का लपवलं — सगळं.

मला ते सोसलं नाही. चुलीवर दूध आहे असं सांगून मी उठलो. दूध नव्हतं.

माझी खरी कबुली कुठली, ते आज मला नीट सांगता येत नाही. सुतकाचं खोटं, की गप्प राहणं, की त्या हाताखालून उठणं? त्यानंतर मी तिचं सगळं केलं, न्हाऊ घालणं, भरवणं, फिरवणं. पण तिच्या डोळ्यांत बघून काही केलं नाही. ती हात पुढे करायची, मी त्या हातात पेला द्यायचो.

पुढच्या पावसाळ्यात ती गेली.

दहाव्याला अण्णा आला. पोलादपूरला एसटीतून उतरून, पिशवी खांद्याला लावून, मेलेला माणूस वाडीच्या पायवाटेने चढून आला. सगळे अंगणात बसले होते. मला वाटलं, आता. आता कुणीतरी बोलेल. रामजीदादा उठला, अण्णाच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, "या पाव्हणं. वाटेत तरास नाय ना झाला?" कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला. माझ्याकडे एकानेही वळून पाहिलं नाही. आपण या गावात एकदा मेलो होतो, हे अण्णाला आजही माहीत नाही. माझं खोटं सगळ्या वाडीने मिळून झाकलं.

फक्त शेवंताकाकी, भांडी आवरता आवरता, हळूच म्हणाली, "खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात, गुरुजी. अण्णा आता लई वरसं जगतोय बघा." आणि माझ्यासमोर चहा ठेवला.

देव आपल्याकडून काही मागत नाही, असं मी कितीतरी पुस्तकांत वाचलं आहे. वाचताना ते मऊ वाटायचं. तसं ते नाही. मागणाऱ्या देवापुढे उभं राहता येतं. नारळ घे, कोंबडं घे, दंड सांग, भरतो आणि मोकळा होतो. पण जो नुसता दारात येऊन बसतो, त्याच्यासमोर काय घेऊन जायचं? माझ्याकडे होतं तेवढं सगळं त्याला आधीच ठाऊक होतं. मग मी देवळाच्या वाटेने जाणं सोडलं. महाडला जाताना खालच्या पायवाटेने जातो. लांब पडते, परतताना चढ जास्त आहे.

सुमनला वर्ष होऊन गेलं आणि यंदाचा शिमगा आला. मी पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं, परसदारातून आत आलो आणि माजघरात जमिनीवर बसलो. अंगण काकीने मला न विचारता आदल्या दिवशीच सारवलं होतं. ढोल वरच्या घरून निघाला. मला वाटलं, कुलूप बघतील आणि पुढे जातील. ढोल आमच्या अंगणात आला आणि तिथेच वाजत राहिला.

"कुलूप हाय," रामजीदादाचा आवाज.

"अरे, गुरुजी आतच आहेत यार, मघाशी बघितलं मी," मुंबईचा कुणी मुलगा म्हणाला. दोघं-तिघं हसले.

"असू दे रे," काकी म्हणाली. "आत असू दे नाय तर महाडला. घर तर त्यांचंच हाय ना? बसव आईला."

पाट सरकल्याचा आवाज झाला. पालखी पडवीत टेकली. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, माझं नाव घेतलं. मग सुमनचं घेतलं. गेलेल्या माणसाचं नाव तसं घेत नाहीत. ओटी काकीने भरली असावी, बांगड्या वाजल्या. त्यांच्या आणि माझ्यामध्ये दाराची एक फळी होती. परसदार उघडं होतं; घराला वळसा घालून पुढे आलो असतो तर झालं असतं. मी गुडघ्यांत डोकं घालून बसलो आणि खोकला आला तो तोंडावर हात दाबून गिळला.

ते बराच वेळ बसले. दुसऱ्या घरांपेक्षा जास्तच. कुणी दार वाजवलं नाही, कुणी हाक मारली नाही. मारली असती, तरी मी ओ दिली नसती.