मागच्यांनाबी ऐकू द्या

यवतच्या स्टँडवर सकाळच्या दौंड गाडीला ते रोज असत. नाव मी कधी विचारलं नाही; सगळे आबा म्हणत. बोलणं इतकं हळू, की कंडक्टरला दोनदा विचारावं लागे, "कुठं?"

एक दिवस बँकेचे दोन वसुलीवाले मोटरसायकलवरून थेट स्टँडवर आले. आबा कंपनीत असताना घेतलेलं क्रेडिट कार्ड, दहा-बारा वर्षांपूर्वीचं. एकजण सगळ्यांदेखत ओरडला, "म्हाताऱ्या, पैसे बुडवून फिरतोस, लाज वाटत नाही?"

आम्ही सगळे इकडंतिकडं बघू लागलो. आबांनी पिशवी खाली ठेवली.

"अजून मोठ्यानं बोला, मागच्यांनाबी ऐकू द्या," म्हणाले आणि स्वतःच आमच्याकडं वळले. "कार्ड माझंच हाय. मंडळींच्या आजारपणात पैसे थकले. कवाधरनं ह्यांच्याकडं हिशोबाचा कागद मागतोय, ह्ये आणत न्हाईत. कागद दाखवा, मग बोलू."

कागद नव्हताच. दोघं किक मारून निघून गेले.

मी विचारलं, "आबा, भीती नाही वाटली?"

"वाटली की. पन माझ्या लाजंवरच त्यांचा धंदा चाललाय. आज ती सगळ्यांत वाटून टाकली."

गाडी आली. एरवी आबा उभ्यानंच जायचे. त्या दिवशी कुणीतरी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आणि हाक मारली, "आबा, हिकडं या!"