कडुलिंबावरची पाटी

कडुलिंबाच्या फुलोऱ्याचा वास आला की मला मिशनच्या कॉलेजचं उजाड आवार आठवतं. ते हिरवं करायचं म्हणून हॉस्टेलच्या सिस्टरनी आम्हा प्रत्येकीला कडुलिंबाचं एकेक रोप दिलं होतं. पाण्याची ओढ होती, तेव्हा तोंड धुतलेलं पाणी डब्यात धरून त्यालाच घालायचं. शेजारी आपल्या नावाची पत्र्याची पाटी. माझ्या खोलीतल्या, मुडबी गावाहून आलेल्या मुलीचं रोप कमरेला लागलं, माझं वीतभरच राहिलं. रविवारच्या प्रार्थनेनंतर सिस्टर तिचंच कौतुक करायच्या आणि माझ्या अंगाची आग व्हायची. एका दुपारी सगळ्या झोपलेल्या असताना मी दोन्ही पाट्यांची अदलाबदल केली. संध्याकाळी ती त्या वीतभर रोपापुढे थबकली. "कामून रे लेकरा, एका दिसात एवढं आखडलास? ऱ्हाऊ दे, जगवते की मी," एवढंच म्हणाली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि डबा त्याच्या बुडाशी रिकामा केला. वाढलेल्या रोपाला आता काय होतंय, म्हणून मी पाणी टाळत गेले. उन्हाळ्यात ते माझ्या नावासकट वाळलं. तिचं मात्र वाढतच गेलं. आता पश्चात्ताप व्हावा, असं माझं वय आहे. पण खरं सांगते, तो वास आला की अजून पोटात दुखतं.