कडेगावच्या पाण्यात उतरलेला चहा

नोव्हेंबरची अठरा तारीख. मी टेस्टिंग रूममधले कप धूत होते. या कामाला आमच्याकडे बाई आहे, पण ती सवयीने साबण लावते आणि साबणाचा वास कपाला राहिला की सकाळचं सगळं चाखणं फुकट जातं. म्हणून मोठी टेस्टिंग असेल त्या दिवशी कप मीच धुते. गरम पाणी आणि थोडा सोडा, बस.

तेवढ्यात माझ्यासोबत चहा चाखणारी केतकी आत आली. हातात पाण्याचा कॅन.

"मॅडम, हे कडेगावच्या बोअरचं पाणी आहे. काल मागवून घेतलं. आपलं ब्लेंड यात करून बघू या का?"

ती काय म्हणतेय ते मला त्याच क्षणी कळलं. तिचं बरोबर आहे हेही कळलं. आणि हे मला सुचायला हवं होतं, हे तिसरं कळलं तेव्हा जी आग लागली ती पुढे बरेच दिवस विझली नाही.

आधी थोडं सांगते. शिरवळच्या आमच्या युनिटमध्ये चहा पिकत नाही. आसाम आणि नीलगिरीहून पोत्यांनी माल येतो. वेगवेगळ्या मळ्यांचा चहा ठरावीक प्रमाणात मिसळला की त्याला ब्लेंड म्हणतात. ते प्रमाण ठरवायचं काम माझं. सांगलीत आमच्या वडिलांचं सुट्या चहाचं दुकान होतं, तिथे मी वास ओळखायला शिकले. नंतर नीलगिरीत, कुन्नूरजवळच्या एका फॅक्टरीत पानं सुकवण्यापासून दाणा चाळण्यापर्यंत सगळं केलं. मग इथे आले. सांगलीकडे जाणाऱ्या आमच्या पुड्यातलं ब्लेंड माझं आहे. आसामचा बारीक दाणा रंगासाठी, आणि त्यात नीलगिरीचा चहा वासासाठी. पुडा फोडला की जो वास येतो तो माझा, असं मी मानत आले.

दिवाळीनंतर सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव भागातून तक्रारी सुरू झाल्या. चहा काळपट येतो, वास लागत नाही, गिऱ्हाईक कप अर्धा ठेवून उठतं. हॉटेलवाले दुसरा पुडा घ्यायला लागले. मी तक्रारीतले पुडे मागवले, चाखले. चहा उत्तम होता. हॉटेलवाले पावडर कमी टाकत असतील, असं मी साहेबांना सांगून टाकलं.

आता टेस्टिंग रूमचं ऐका. आमच्याकडे पाणी फिल्टरचं. गोड, हलकं. त्या पाण्यात कुठलाही बरा चहा छान उतरतो. कडेगावचं बोअरचं पाणी जड. उकळलं की भांड्याला पांढरा थर धरतो. कॅनमधल्या पाण्यात माझं ब्लेंड केलं तर कपात मळकट रंग आला, वर तवंग, आणि नीलगिरीचा वास कुठल्या कुठे. मी चाखून पिकदाणीत थुंकले आणि म्हटलं, "ठीक आहे."

"ठीक आहे म्हणजे?" केतकीने विचारलं.

"म्हणजे पाणी जड आहे."

केतकी सांगलीच्या विश्रामबागची. तिशीची. शेतीची पदवी घेऊन चार-पाच वर्षं आसामच्या मळ्यावर राहून आलेली. तिथे तिला राहायला बंगला होता आणि मळ्यात फिरायला बुलेट. मी तिच्या वयाची असताना आसामला अर्ज केला होता. मुलाखत छान झाली, मग सांगितलं की बाईमाणसाला मळ्यावर ठेवायची सोय नाही. म्हणून मी नीलगिरीची झाले. तिच्यावर जळायला मला कडेगावचं पाणी लागत होतं असं नाही. साहेब मला 'मॅडम' म्हणतात आणि तिला 'केतकी', तेवढंही पुरत होतं.

आठवडाभरात तिने तिचं ब्लेंड तयार केलं. नीलगिरी पूर्ण काढून टाकला होता. आसामचाच, पण दोन जातींचा दाणा, त्यातला एक चांगला तिखट, म्हणजे कडक. जड पाण्यात तो लाल उतरला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आसामचे मळे डिसेंबरात बंद होतात, त्याआधी वर्षाचा माल धरावा लागतो. म्हणजे निर्णय लगेच हवा होता. तिचं ब्लेंड घेतलं की माझं सांगलीच्या बाजारातून कायमचं जाणार.

मी म्हटलं, इथे पास झालेला चहा हॉटेलात नापास होतो. तिथे दूध म्हशीचं, चहा उकळून उकळून देतात, गुळाचाही करतात. एवढा तिखट दाणा तासाभराने कडू होईल.

"मग तुम्ही जाऊन बघा," साहेब म्हणाले. "दोन्ही ब्लेंड न्या. तुम्ही म्हणाल ते."

केतकीचा चेहरा पडला. मला बरं वाटलं.

आमचा सेल्समन रफिक मला व्हॅनमधून घेऊन निघाला. तो सांगलीचाच, आमच्या मोहल्ल्यातला. कऱ्हाडच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलो तेव्हा म्हणाला, "आपा, चहा तपासायला चाललाय की केतकी मॅडमला नापास करायला?"

"गाडी चालव," मी म्हटलं.

खरं सांगायचं तर त्याचं बरोबर होतं. मी सोबत दोन मोठे थर्मास घेतले होते, आणि ते चहा शिळा करण्यासाठी घेतले होते.

कडेगावच्या स्टँडसमोर तानाजीअण्णांचं हॉटेल आहे. अण्णा लष्करातून सुभेदार होऊन आलेले, गल्ल्यावर ताठ बसतात. चहा त्यांच्या पत्नी सुलाबाई करतात. आमचा पुडा सोडणाऱ्यांत ते पहिले. मी त्यांना विचारलं, आमचं काय चुकलं?

"आवं मॅडम, तुमची पावडर वाईट न्हाई," अण्णा म्हणाले. "आमचं पानी वाईट हाय. पर पानी काय आमी बदलू शकत न्हाई, पावडर बदलू शकतो."

सुलाबाईंना मी दोन साधे पुडे दिले. कुठला कुणाचा ते सांगितलं नाही. त्यांनी दोन पातेली चढवली. ताज्या चहात केतकीचा पुढे गेला. ते मला शिरवळलाच माहीत होतं. मग मी एकेक सुरू केलं. पातेलं पुन्हा उकळायला लावलं. मग तिसऱ्यांदा. मग म्हशीचं दूध वाढवलं. मग साखरेऐवजी गूळ घातला. गुळाने चहाचा रंग दबतो आणि दूध फाटायची भीती असते, म्हणून माझी सगळी आशा गुळावर होती. दूध फाटलं नाही. केतकीच्या चहाचा रंग थोडा दबला, पण लालच राहिला. माझा मात्र उसाच्या मळीसारखा दिसत होता.

सुलाबाई कंटाळल्या. "बाई, ह्यो च्या काय गुन्हेगार हाय व्हय, किती उकळायचा?"

शेवटी दोन्ही थर्मास भरून आम्ही साखर कारखान्याच्या रस्त्यावर गेलो. तिथे वजनासाठी ट्रॅक्टरांची रांग असते आणि अण्णांचा चहा थर्मासमधूनच तिथे जातो, तासाभराने पितात. मी तास झाल्यावरही थांबले. आणखी थांबले. रफिक म्हणाला, "आपा, आता विषसुद्धा शिळं होईल."

ड्रायव्हर लोकांना मी काही न सांगता दोन्ही थर्मासमधला चहा दिला. माझा त्यांनी प्यायला. केतकीचा पिऊन कप पुन्हा पुढे केला. एक जण म्हणाला, "ह्यो लय भारी हाय. ह्यो कंचा?"

मग मी स्वतः प्याले. केतकीचा चहा कडू झाला नव्हता. दुसरा घोट घेतला, तेव्हाही नव्हता. दोष शोधण्यात माझी जीभ कच्ची नाही. इतक्या वर्षांत दलालांनी दडवलेला जुना माल मी एका घोटात पकडलेला आहे. इथे पकडायला काही नव्हतं.

परतीच्या वाटेवर मी विचार करत होते की अहवालात काय सांगायचं. 'आणखी चाचणी हवी' एवढं म्हटलं असतं तरी मळे बंद झाले असते आणि वर्षभर माझंच ब्लेंड चाललं असतं. कुणाला कळलं नसतं. रफिकला कळलं असतं, पण तो बोलला नसता. मात्र अण्णा पावडर बदलून बसले होते, आणि त्यांच्यामागे अख्खा तालुका बदलणार होता. माझं ब्लेंड पुड्यात राहिलं असतं आणि पुडे गोडाऊनमध्ये. मग त्या वासाचा मला काय उपयोग?

संध्याकाळी साहेबांच्या केबिनमध्ये केतकीही होती. मी म्हटलं, "तिचं घ्या. उकळून, गूळ घालून, शिळं करून पाहिलं. टिकतं."

साहेबांनी लगेच फाईल मिटली. मला त्याचंही वाईट वाटलं. मी विचारलं, एवढ्याने झालं? तिला स्वतःला का नाही पाठवलंत?

"ती गेली असती तर तिला चांगलंच दिसलं असतं," साहेब म्हणाले. "तुम्ही तिच्यावर किती जळता ते सगळ्या युनिटला माहीत आहे. तुम्हाला खोड सापडली नाही म्हणजे खोड नाही."

केतकी खाली बघत होती. हसत होती की काय, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

यातून मी कामापुरतं एवढंच घेतलं की नवा चहा तपासायला त्याचं कौतुक असणाऱ्याला पाठवू नये. जळणं अजून गेलेलं नाही. ते कामाला येतं, एवढं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात आल्या आल्या मी गुवाहाटीच्या दलालाला फोन लावला आणि केतकीला हव्या असलेल्या दोन्ही जातींचा माल मळे बंद व्हायच्या आत धरून ठेवायला सांगितलं. भाव मी तिच्यापेक्षा चांगला पाडून घेते, म्हणून फोन मीच केला. मग नीलगिरीचा माल पाठवणाऱ्या कुन्नूरच्या माणसाला केला. त्याने नेहमीप्रमाणे विचारलं, सांगलीसाठी या वर्षी किती पोती ठेवू?

मी म्हटलं, "सांगलीसाठी नको."