आवाज मागं, ओठ पुढं

रविवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी सासूबाई टीव्हीकडं बोट करून म्हणाल्या, "ही कुटं बोलली? पिंट्या बोलला की!" आणि तिथनं माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

वेळ एवढी पक्की कशी आठवते म्हणाल, तर त्या वेळी मी मुद्दाम भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. सासूबाईंकडं बघितलं असतं तर तोंडातनं काहीतरी गेलं असतं.

आमच्या घरात पुढच्या खोलीत मिक्सिंग चालतं. आमचे हे लग्नाचं, बारशाचं, वाढदिवसाचं शूटिंग करतात आणि घरीच डीव्हीडी करून देतात. होय, अजून डीव्हीडीच! गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांकडं प्लेअर आहेत, आणि पेनड्राइव्ह हातात दिला की ती विचारतात, "ह्येच्यात लगीन कसं मावंल?" मी सातवी शिकलेली. पण हे ऑर्डरीला गेले की कॉम्प्युटरपुढं मीच बसते, मांडीवर अनूला घेऊन.

असल्या घरात किस्से साठतात. यंत्रमागाच्या शेजारी राहणाऱ्याच्या घरात सुताची धूळ साठते ना, तसे. सकाळी झाडावेत, दुपारी परत तेवढेच! लोक हे किस्से हसत सांगतात. मला संताप येतो.

कारण माझी अनू परवा तीन वर्षांची झाली आणि तोवर ती एक शब्द बोलली नव्हती. डॉक्टर म्हणाले, कान चांगले आहेत, थांबा. थांबा म्हणायला त्यांचं काय जातंय! मी तिच्या पाठीमागं ताट वाजवायची. ती वळली की जिवात जीव यायचा, आणि तासाभरानं परत ताट. माहेरी मैंदर्गीला माझ्या आईनं तर नवस बोललाय, नात बोलेपर्यंत पायात चप्पल घालणार नाही. टाचा फुटल्यात तिच्या. तिला फोनवर ऐकू येत नाही. भावानं एकदा खोटंच सांगितलं, "बोलली गं, घाल चप्पल." तिनं ओळखलं. म्हणाली, "डोळ्यानं दाव, मग घालते."

आणि वाढदिवसाला केकपाशी अनू बोलली! मी ऐकलं. गोंधळात बाकी कुणी ऐकलं नाही. म्हटलं असू दे, व्हिडिओत असेलच. व्हिडिओत काय, अनूचे ओठ हालले, आवाज नाही. तेवढ्यात कॅमेरा वळला थोरल्या जाऊबाईंच्या पिंट्याकडं, आणि मग म्युझिकमधनं तेवढंच ऐकू आलं, "हाल की!" पिंट्याच्या तोंडावर!

आवाज तीन सेकंद मागं. त्या तीन सेकंदांत माझ्या लेकीचा शब्द पिंट्याच्या नावावर गेला!

* * *

दुरुस्त करायचं तर परत रेंडर करायला लागतं. म्हणजे सगळे तुकडे जोडून कॉम्प्युटरनं एक अख्खा पिक्चर तयार करायचा. आणि आमचा कॉम्प्युटर! दोन तासांच्या लग्नाला नऊ तास. पडद्यावर एक हिरवी पट्टी असते, ती पुढं सरकते. सरकते कसली, रवंथ करत बसते. मी दिवसभर कॉम्प्युटरला एकच म्हणायची, "हाल की, मेल्या!"

मंगळवेढ्याचे एक पाहुणे मुलाच्या लग्नाची डीव्हीडी न्यायला आले. म्हटलं, उद्या या. "यष्टीचं भाडं घालून आलोय, बसतो की हितंच." बसले पट्टीपुढं मांडी घालून. चहा झाला, पोहे झाले. दर अर्ध्या तासाला बायकोचा फोन. शेवटी ते खेकसले,

"अगं थांब की जरा! आत्ताशी चाळीस टक्के लगीन लागलंय!"

* * *

एक नवरीची आई तणतणत घरात शिरली. चप्पलसुद्धा दारात काढली नाही.

"सावधान म्हणायच्या आदी आमच्या पोरीवर अक्षता पडल्यात! मुहूर्ताच्या आदी लगीन लागलं! तरीच जावई दोन महिने झालं रुसून बसतोय!"

ह्यांनी समजावलं, मावशी, अक्षता वेळेवरच पडल्या, डीव्हीडीत भटजींचा आवाज तेवढा मागं पडलाय.

"मागं पडलाय व्हय? मग बोलवा त्या भटजीला परत आन् लवकर म्हणायला लावा!"

मी आतनं म्हटलं, जावयालाबी बोलवा, त्याचंबी रेंडर करून देऊ. ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी पीठ मळायला लागले. पीठ लई घट्ट झालं त्या दिवशी.

* * *

दुसरीची डीव्हीडी चालेचना. आवाज नाही, चित्र नाही, नुसतं निळं. ह्यांनी आमच्या प्लेअरला लावायला कव्हर उघडलं, तर चकचकीत बाजूला हळद-कुंकू! वर दोन अक्षता चिकटलेल्या.

"अहो ताई, हे काय?"

"घरात आली तशी देवापुढं ठेवली, पूजा केली. लग्नाची सीडी कोरी कशी लावायची?"

बरं, लावायचं तर निदान चित्राच्या बाजूला लावा! तर म्हणते, "तितं नवऱ्याचा फोटू हाय. त्येला कुंकू लावू व्हय?"

ह्यांनी नवीन करून दिली. जुनी फाइल कधीच पुसलेली, म्हणजे परत नऊ तास. आणि अनूचा वाढदिवस गेला परत रांगेच्या शेपटाला! "गिऱ्हाइकाचं आधी, घरचं नंतर." घरचं म्हणजे काय, माझी आई अनवाणी फिरतेय तिकडं!

* * *

मी एकटीच रिपेअरवाल्याकडं गेले. अनू कडेवर. म्हटलं, कॉम्प्युटर लई हळू चाललाय, गरम होतोय, विमान उडाल्यासारखा आवाज करतोय. त्यानं मान वर न करता विचारलं, "मिस्टर नाही आले?"

"मिस्टर शूटिंगला गेलेत. कॉम्प्युटर माझ्याशी बोलतोय, त्यांच्याशी नाही."

"वहिनी, तुम्हाला नाही कळायचं त्यातलं. नवीनच घ्या."

घरी आले, मेन स्विच बंद केला, चार स्क्रू काढले आणि झाकण उघडलं. आत पंखा दिसेचना! आमच्या खिडकीला लागून श्रीनिवासअण्णांचा माग आहे. तिथलं सूत वर्षभर उडून आत जाऊन बसलेलं. बोटभर जाड, दाबून बसलेली गादी. कॉम्प्युटर बिचारा रजई पांघरून काम करत होता आणि आम्ही त्यालाच शिव्या देत होतो. रंगाचा कोरा ब्रश घेऊन सगळं साफ केलं. नऊ तासांचं काम चार तासांवर आलं.

ती गादी तशीच्या तशी कागदात घेऊन रिपेअरवाल्याच्या काउंटरवर ठेवली.

"नवीन कॉम्प्युटरवर ही सोलापुरी चादर फ्री देताय का?"

तेव्हा त्यानं मान वर केली.

* * *

मग ह्यांनी एकदाचं अनूचं काम हातात घेतलं. सोप्पंय म्हणाले. सगळा आवाज तीन सेकंद पुढं ओढला. केकपाशी अनूचे ओठ आणि शब्द बरोबर बसले! मी सासूबाईंना हाताला धरून आणलं.

पण व्हिडिओ सुरू होतो औक्षणापासनं. सासूबाई निरांजन ओवाळतायत, तोंड घट्ट मिटलेलं, आणि आवाज येतोय, "थोरली कुटं मेली, तिला वात सुदीक वळता येत न्हाय!" ओठ त्यानंतर हालले!

जाऊबाई तिथंच बसलेल्या. पुढचं सांगत नाही.

सासूबाईंनी मात्र बरोबर मुद्दा धरला. "माजं तोंड मिटल्यालं हाय आन् मी बोलतीया! आवाज असा सरकिवता येतूय म्हंजी कुणाच्याबी तोंडाला चिकटिवता येतूय. उद्या तुमी म्हशीलाबी बोलती कराल!"

आणि मला राग आला, कारण त्यांचं खरं होतं. आईनं हेच विचारलं असतं तर काय सांगणार होते मी?

* * *

रागारागात अंगणात कपडे पिळत होते. माग बंद करून श्रीनिवासअण्णा बाहेर आले. तेलुगू माणूस, आमच्या लग्नाआधीपासनं शेजारी. "काय अम्मा, कुणाची मान पिळताय?"

सगळं सांगितलं. वाढदिवसाच्या व्हिडिओत दोन फुगे फुटलेत. पहिला फुगा सुरुवातीला, त्याचा आवाज बरोबर. शेवटचा केकनंतर, त्याचा तीन सेकंद मागं. शेवटाला बरोबर करावं तर सुरुवात बिघडते.

अण्णा म्हणाले, "दोन माग संगट चालू केले, एक जरा हळू हाय. शेवटाला कापड कमी-जास्त भरणारच की. मग तुमी कापड ओढून काय उपेग? आधी मागाचा वेग सारखा करा."

ते अंगणात उभे, आणि मी पिळा तसाच टाकून आत पळाले! चित्र मोबाइलवर घेतलेलं, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. मोबाइल कमी उजेडात चित्रं कमी घेतो, जास्त उजेडात जास्त. त्याचा वेगच सारखा नाही! ह्यांना म्हटलं, आधी मोबाइलचं सगळं चित्र एका वेगाचं करून घ्या, मग आवाज जोडा. हे म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?" म्हटलं, "मागानं."

दोन्ही फुगे जागच्या जागी फुटले. आवाज कुठंच ओढावा लागला नाही. वर ह्यांनी हॅपी बर्थडेची म्युझिक लावली होती, तीही मी काढून टाकली.

* * *

पुढचा रविवार. सासूबाई, जाऊबाई, पिंट्या, हे, दारात अण्णा, सगळे टीव्हीपुढं. अनू माझ्या मांडीवर.

पहिला फुगा. फट्! बरोबर.

औक्षण. सासूबाईंचं तोंड उघडलं आणि तेव्हाच बोललं. "वात सुदीक वळता येत न्हाय!" जाऊबाईंनी उसासा टाकला, पण सासूबाई नुसत्या आपल्या ओठांकडं बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "व्हय, हे बरोबर हाय."

केक. मेणबत्ती जळतेय, मेण केकवर गळतंय, आणि कॅमेऱ्यामागनं ह्यांचा आवाज, "थांबा, थांबा, फोकस न्हाय." परत, "थांबा, जरा थांबा." पडद्यावर अनू एकटी. तिनं मेणबत्तीकडं बघितलं. मग मान वर केली, सरळ कॅमेऱ्यात, म्हणजे सरळ आपल्या बापाकडं बघितलं, आणि ओठाबरोबर ओठ, शब्दाबरोबर शब्द,

"हाल की, मेल्या!"

शेवटचा फुगा फुटला, फट्, जागच्या जागी.

हे म्हणाले, "मला म्हणाली?"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. पिंट्याकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, "आईवर गेलीय मेली."

डीव्हीडी कव्हरमध्ये घालून टीव्हीवर ठेवली आहे. तुमच्यापैकी कुणी मैंदर्गीकडं जाणार असेल तर घेऊन जा, आणि माझ्या आईला तेवढं सांगा. चप्पल घाल म्हणावं.